मथळ्याचें अक्षर



आजचा विषय डोळ्यांचा आहे, आणि तो मला कानांच्या वाटेनें आपणांपर्यंत पोंचवावयाचा आहे. तेव्हां ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद आणि पेन्सिल जवळ घेऊन बसावें. मी एखादें अक्षर सांगितलें म्हणजे तें कागदावर मोठें करून काढावें. ज्यांना तें शक्य नसेल त्यांनीं आपल्या गांवांतील एखादी पाटी, एखादी लग्नपत्रिका किंवा वर्तमानपत्राचा मथळा डोळ्यांसमोर आणावा. उदाहरणांची वाण कोणासच पडणार नाहीं.

मथळ्यासाठीं लक्ष वेधून घेणारें, नक्षीदार अक्षर निवडावयाचें तर तें कोणत्या कसोट्यांवर निवडावें, हा आजचा प्रश्न आहे. एके काळीं हा प्रश्न छापखान्याच्या चार भिंतींच्या आंतला होता. जाहिरात छापावयाची असली कीं जुळाऱ्याकडे जावें, पाटी रंगवावयाची असली कीं पेंटरकडे जावें. अक्षराची चिंता त्यांनीं वाहावी. शाळेंत असतांना शाळेचें वार्षिक, संमेलनाची पत्रिका, वाचनालयाचीं सूचनापत्रें हीं कामें वर्षानुवर्षें माझ्याकडे असत, आणि त्या निमित्तानें या दोघांच्याही दारांत मीं पुष्कळ तास काढले. आतां ज्याच्या हातीं संगणक किंवा मोबाइल फोन आहे तो प्रत्येकजण स्वतःच जुळारी झाला आहे. महिला बचत गटाच्या चिटणीसबाई, गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता, ग्रामपंचायतीचा कारकून, सर्वांपुढें अक्षरांच्या संचांची भली लांब यादी उघडते. एका वळणाच्या सर्व अक्षरांच्या या संचाला ‘फॉन्ट’ म्हणतात. मी त्याला आज नुसतें ‘संच’ म्हणेन. यादी उघडली कीं जो संच सर्वांत नटवा दिसेल त्यावर बोट पडतें. तें बोट क्षणभर थांबावें, एवढाच माझ्या भाषणाचा हेतु.

मजकुराचें अक्षर आणि मथळ्याचें अक्षर यांचे धर्म वेगळे आहेत. मजकूर वाचणारा मनुष्य बसलेला असतो. त्यानें वाचावयाचें ठरविलेलें असतें. अक्षर त्याच्या आड आलें नाहीं म्हणजे पुरे. मथळा वाचणारा मनुष्य चाललेला असतो. त्याच्या डोक्यांत बाजार असतो, एस्‌. टी.ची वेळ असते, घरचें आजारपण असतें. त्याला थांबविणें हें मथळ्याचें पहिलें काम, आणि तो थांबल्यावर एका दृष्टिक्षेपांत शब्द त्याच्या हातीं देणें हें दुसरें. नक्षी पहिल्या कामाला मदत करते. दुसऱ्या कामांत ती बहुधा अडथळा आणते. चांगली निवड म्हणजे या दोन कामांचा मेळ.

हा भेद फारसा जुना नाहीं. युरोपांत छपाई सुरू झाल्यानंतर सुमारें साडेतीनशें वर्षें पुस्तकी अक्षरेंच लहानमोठ्या आकारांत वापरून वेळ भागविली जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें लॉटऱ्या आणि नाटकें यांच्या जाहिराती भिंतींवर झळकूं लागल्या, आणि गर्दींत उठून दिसतील अशा अक्षरांना मागणी आली. १८१५च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्स यानें जाड, चौकोनी पायांचें अक्षर आपल्या नमुनापुस्तकांत दाखविलें. १८१६ मध्यें चौथा विल्यम कॅसलन यानें पाय अजिबात नसलेलें अक्षर दाखविलें. १८२७ मध्यें अमेरिकेंत डेरियस वेल्स यानें लाकडी खिळे यंत्रावर कापण्याची रीत काढली, आणि वीतभर उंचीचें अक्षरही स्वस्त झालें. बाजारानें हांक मारावयास अक्षर मागितलें आणि ओतशाळांनीं तें पुरविलें.

आपल्याकडे गोष्ट निराळी घडली. विल्यम कॅरी याचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें बंगालमधील श्रीरामपूर येथें छापलें गेलें. मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं १८३१ मध्यें शिळाप्रेसवर पंचांग छापलें. पुढें जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपानें देवनागरी मुद्रणाला जें सुबक वळण दिलें, त्यावर आपल्या कित्येक पिढ्यांचें वाचन पोसलें गेलें. परंतु हीं मुख्यतः मजकुराचीं अक्षरें. इंग्रजीचीं मोठीं व लहान मिळून बावन्न अक्षरें, आंकडे आणि विरामचिन्हें एवढीं ओतलीं कीं एक संच पुरा होतो. देवनागरीला स्वर, व्यंजनें, अर्धीं अक्षरें, मात्रा, रफार आणि जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे लागत. तेवढे खिळे केवळ मथळ्यासाठीं, मोठ्या आकाराचे आणि दहा निरनिराळ्या वळणांचे बाळगणें कोणत्या छापखान्याला परवडणार? म्हणून आपल्याकडे नटवा मथळा बहुधा जुळविला गेला नाहीं, तो हातानें काढला गेला. चित्रकारानें तो कागदावर काढावयाचा, त्याचा जस्ताचा ब्लॉक करावयाचा आणि तो मजकुराच्या डोक्यावर बसवून छापावयाचा, अशी ती रीत होती.

या हस्तकलेनें मराठींत मोठे दिवस पाहिले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठीं आणि नियतकालिकांसाठीं काढलेलीं शीर्षकें पुष्कळांना आठवत असतील. नाटकाचें नांव वाचतांवाचतांच तें गंभीर आहे कीं विनोदी, ऐतिहासिक आहे कीं घरगुती, याची चाहूल त्या अक्षरांवरून लागे. आपल्या या कामाविषयीं त्यांनीं ‘माझी अक्षरगाथा’ हें पुस्तकही लिहिलें आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीनें यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हातानें शीर्षक काढणारा कलावंत तें एकाच नांवासाठीं काढतो. त्या नांवांत कोणती मात्रा आहे, कोणतें जोडाक्षर आहे, हें पाहून नक्षी कोठें खुलवावी आणि कोठें आवरावी हें तो ठरवितो. तयार संचाला आपला शब्द ठाऊक नसतो. तो सर्व शब्दांना सारखीच नक्षी वाढतो. म्हणजे जो विवेक पूर्वीं काढणारा करीत असे, तो आतां निवडणाऱ्याला करावा लागतो.

आतां पेन्सिल उचला. एक ‘भ’ काढा आणि त्याच्या शेजारीं एक ‘म’ काढा. दोहोंत फरक कोठें आहे? ‘म’च्या डोक्यावरची रेघ सलग आहे. ‘भ’ची रेघ डाव्या बाजूस तुटलेली आहे आणि त्या ठिकाणीं एक लहानशी गांठ वळली आहे. ‘घ’ आणि ‘ध’ यांचें तेंच. ‘य’ आणि ‘थ’ यांचेंही जवळजवळ तेंच. म्हणजे या तीन जोड्यांची ओळख मुख्यतः शिरोरेषेच्या एका तुटीवर अवलंबून आहे. आणि नक्षीदार अक्षर करणाऱ्याचा हात पुष्कळदां पहिल्यानें याच तुटीवर पडतो. एक तर तो शिरोरेषा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सलग ओढतो, कारण ती तोरणासारखी शोभते. किंवा ती समूळ काढून टाकतो, कारण तसें केल्यानें अक्षर नव्या धर्तीचें दिसतें. दोन्हीं रीतींनीं तूट नाहींशी होते. मग ‘अर्ज भरा’ हें ‘अर्ज मरा’ असें वाचलें जातें, आणि ‘धन’ व ‘घन’ यांत भेद उरत नाहीं.

शिरोरेषेच्या वर जें राहतें त्याचीही हीच कथा आहे. अनुस्वाराच्या जागीं फूल, चांदणी किंवा पणती बसविण्याची हौस पुष्कळांना असते. तें फूल शिरोरेषेला चिकटून तिच्यांत मिसळून गेलें कीं ‘वंदन’ या शब्दाचें ‘वदन’ होतें. वेलांटी कोणत्या बाजूला वळते यावर ऱ्हस्व-दीर्घ ठरतें. दोन्हीं वेलांट्या सारख्याच झोकदार केल्या तर ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच दिसूं लागतात, आणि ‘कामगार दिन’ साजरा करणाऱ्यांवर भलताच प्रसंग येतो. म्हणून पहिली कसोटी ही: संच कितीही सुंदर असो, त्यांत भ-म, ध-घ, थ-य, दोन वेलांट्या, दोन उकार आणि अनुस्वार हे स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. हे वेगळे दिसत नसतील तर पुढें पाहण्याचें कारण नाहीं.

हें सगळें मास्तरकीचें किचकट शुद्धलेखन आहे, असें कोणास वाटेल. म्हणून एक घडलेली हकीकत सांगतों. १९८८ मध्यें राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालें आणि त्यानंतरच्या कांहीं वर्षांत आमच्याकडे प्रौढांचे रात्रीचे वर्ग चालत. माझ्या वर्गांत पन्नाशीकडे झुकलेली एक मजूर बाई होती. सहासात महिन्यांत ती पाटीवरचा मजकूर, एस्‌. टी.वरील गांवांचीं नांवें आणि रेशनच्या दुकानांतील फलक सावकाश पण बिनचूक वाचूं लागली होती. त्या सुमारास एका संस्थेनें गांवांत मोफत नेत्रतपासणीच्या शिबिराचीं पत्रकें लावलीं. हेतु उत्तम होता. परंतु वरचा मथळा कोणा हौशी माणसानें वेलबुट्टींत गुंफून काढला होता. प्रत्येक काना म्हणजे एक देठ आणि प्रत्येक मात्रा म्हणजे एक पान. त्या बाईच्या सासूच्या दोन्हीं डोळ्यांत मोतीबिंदु होता. ती दोन दिवस त्या पत्रकापाशीं थांबून पुढें गेली. तिला तें कोणाच्या तरी लग्नाचें वाटलें. शिबिर होऊन गेल्यावर तिला खरें काय तें कळलें. वर्गांत येऊन ती म्हणाली, “गुरुजी, माझं वाचणं पाटीपुरतंच हाय. भिंतीवरलं न्हाई येत मला.”

मीं तें पत्रक आणविलें आणि त्यांतील शब्द फळ्यावर साध्या अक्षरांत लिहिले. ते तिनें एका दमांत वाचले, आणि मग हातांतल्या पत्रकाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. सासूची शस्त्रक्रिया पुढल्या वर्षीच्या शिबिरांत झाली.

न वाचतां येणारी पाटी दिसली तर सुशिक्षित मनुष्य पाटी करणाऱ्याला हंसतो. नवसाक्षर मनुष्य तसें करीत नाहीं. आपल्यालाच वाचतां येत नाहीं असें तो समजतो. दोष अक्षराचा असतो आणि तो पदरीं घेतो वाचणारा. जी गोष्ट नवसाक्षराची, तीच नजर मंद झालेल्या वृद्धाची, आणि दुसऱ्या प्रांतांतून येथें पोटासाठीं येऊन मराठी वाचूं लागलेल्या माणसाची. म्हणून मथळ्याचें अक्षर निवडणें ही केवळ आवडीनिवडीची बाब मी मानीत नाहीं.

मग नक्षी मुळींच नको कीं काय? तसें नाहीं. ‘शुभविवाह’, ‘सुस्वागतम्’, ‘दिवाळी अंक’, ‘श्रीगणेशाय नमः’ हे शब्द आपण अक्षर अक्षर लावून वाचीत नाहीं. त्यांची नुसती आकृति पाहून ते ओळखतों. त्यांना कितीही नटवा, वाचक अडत नाहीं, उलट त्याला सणाचा आनंद होतो. परंतु ‘नेत्रतपासणी’, ‘लसीकरण’, माणसाचें नांव, गांवाचें नांव, तारीख, वेळ आणि जागा या गोष्टी वाचकाला नव्यानें कळावयाच्या असतात. त्या साध्या, ठळक अक्षरांतच हव्यात. जो शब्द वाचकाच्या ओळखीचा आहे तो सजवावा, जो नवा आहे तो साधा ठेवावा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मीं पत्रकें सुधारतील.

दुसरी कसोटी मराठीपणाची. संगणकावर मिळणारे पुष्कळसे देवनागरी संच हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. हिंदीला ‘ळ’ क्वचित् लागतो. आपलें त्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांचें मराठी वळण हिंदी वळणाहून निराळें आहे. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा. कांहीं संचांत दोन्हीं वळणें असतात, कांहींत एकच. सर्वांत कठीण परीक्षा मात्र अर्ध्या ‘र’ची. ‘आचार्यांना दक्षिणा द्या’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्या’ या दोन वाक्यांत पहिली दक्षिणा गुरूंना मिळते, दुसरी स्वयंपाक्यांना. ज्या संचांत हा आडवा अर्धा ‘र’ नीट केलेला नसेल तो मराठीच्या कामाचा नाहीं. तशीच गोष्ट ‘अ’वर चंद्र असलेल्या ‘ॲ’ची. या अक्षराला युनिकोड या सार्वत्रिक संकेतांत स्वतंत्र जागा २००८ मध्यें मिळाली. जुन्या संचांत तें नसण्याचा संभव असतो. आणि मग ‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दाच्या आरंभीं एक रिकामी चौकट उमटते.

संचाच्या नांवावरही जाऊं नये. ‘श्रीखंड’ नांवाचा एक देखणा जाड संच आहे. नांव आपल्या पंगतींतलें. पण आंतलीं अक्षरें गुजराती आणि रोमन आहेत, देवनागरी नाहींत. तेव्हां संच हातीं आला कीं प्रथम एक चांचणीची ओळ लिहून पाहावी. माझी ओळ अशी: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या विठ्ठलभक्तांना वेळेवर शुद्ध पाणी, धान्य आणि ॲम्ब्युलन्स मिळो.’ साहित्य म्हणून ही ओळ दरिद्री आहे, पण तींत अर्धा ‘र’ आहे, ‘ठ्ठ’ आणि ‘द्ध’ हीं जोडाक्षरें आहेत, ‘ळ’, ‘ल’, ‘श’, ‘भ’, ‘ध’ आणि ‘ॲ’ आहेत, आणि ‘ख’चा ‘रव’ होतो कीं काय तेंही तींत दिसतें. ही ओळ जो संच नीट लिहील त्याच्याशीं पुढील बोलणें करावें.

तिसरी कसोटी प्रसंगाची. अक्षराला स्वभाव असतो आणि तो बहुधा त्याच्या हत्यारांतून आलेला असतो. बोरूचें तोंड तिरकें तासलें म्हणजे एका दिशेची रेघ जाड आणि दुसऱ्या दिशेची बारीक उमटते. त्या वळणांत पोथीची आठवण असते. म्हणून तें कीर्तन, व्याख्यानमाला आणि मंगलकार्य यांना साजतें. कुंचल्याच्या अक्षराला वेग असतो. तें नाटकाला, जत्रेला, दुकानाला शोभतें. चौकोनी, आखीव अक्षर क्रीडास्पर्धेला आणि यंत्रसामग्रीला चालतें. गोल, गुबगुबीत अक्षर मुलांच्या कार्यक्रमाला आणि मिठाईच्या दुकानाला शोभून दिसतें. तेंच शोकसभेच्या पत्रकावर घातलें तर पाहणाऱ्याला अवघडल्यासारखें होतें.

हल्लीं या बाबतींत आपली स्थिति पूर्वींपेक्षां पुष्कळ बरी आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनीं ‘मोदक’ नांवाचा अतिशय जाड संच केला आहे. त्यांत अक्षराच्या आंतली पोकळी इतकी आकसली आहे कीं तिची जणूं चीरच उरते. ‘इंडियन टाइप फौंड्री’ ही संस्था २००९ मध्यें स्थापन झाली. तिच्या ‘रोझा’ या संचांत जाड रेघ फार जाड आणि बारीक रेघ फार बारीक आहे. ‘खंड’ हा संच दाटीवाटीच्या मथळ्यांना सोयीचा, आणि ‘कलम’ हस्ताक्षराच्या धर्तीचा आहे. कॅथरिन ले श्मिट या बाईंचा ‘यात्रा’ हा संच मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हातानें रंगविलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. हे सर्व खुल्या परवान्याचे आहेत. कोणीही ते विनामूल्य वापरावे. इतर पुष्कळ संच विकत घ्यावे लागतात. त्यांची चोरून नक्कल करूं नये. ज्यानें एकेक जोडाक्षर बसून घडविलें त्याची ती मजुरी आहे.

संच चांगला असला तरी आकाराचा विचार सुटत नाहीं. ‘मोदक’सारखें अक्षर लहान केलें तर आंतल्या चिरा शाईनें भरून अक्षराचा गोळा होतो. ‘रोझा’सारखें लहान केलें तर बारीक रेघा पुसट होऊन नुसते जाड दांडे उरतात. उलट, र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा संच संगणकाच्या पडद्यावर मजकूर वाचतां यावा म्हणून झाला. तोच भिंतीएवढा ताणला तर तो निर्जीव दिसतो. ज्या कामासाठीं जें घडलें त्या कामाला तें लावावें.

आतां मांडणीविषयीं चार गोष्टी. पहिली: अक्षर ओढून रुंद किंवा उंच करूं नये. तसें केल्यानें उभ्या-आडव्या रेघांचें प्रमाण बिघडतें. जागा थोडी असेल तर शब्द कमी करावे. दुसरी: इंग्रजी मथळ्यांत अक्षरें दूर दूर मांडण्याची रीत आहे, ती देवनागरींत चालत नाहीं. शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे चार तुकडे होतात. तिसरी: इंग्रजीचीं मोठीं अक्षरें दोन समांतर रेघांच्या मध्यें बसतात; आपलें अक्षर तीन मजल्यांचें आहे. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खालीं उकार. दोन ओळी फार जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटींत अडकतो. तेव्हां ओळींमध्यें इंग्रजीपेक्षां अधिक जागा सोडावी. चौथी: एका कागदावर नक्षीदार संच एकच असावा. तीन संच एकत्र आले कीं तिघेही एकदम बोलूं लागतात आणि ऐकूं कोणाचेंच येत नाहीं.

पाट्यांच्या बाबतींत आज या गोष्टीला विशेष महत्त्व आलें आहे. २०२२ मध्यें महाराष्ट्रांतील दुकानें व आस्थापनांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि पाटीवरील मराठी अक्षरें इतर कोणत्याही लिपींतील अक्षरांपेक्षां लहान असतां कामा नयेत असें ठरलें. हें योग्यच झालें. परंतु कायदा अक्षराची उंची मोजूं शकतो. तें वाचतां येतें कीं नाहीं हें कायद्याच्या फुटपट्टीवर येत नाहीं. इंग्रजी नांवासाठीं मालक दहा नमुने मागवितो, आणि त्याखालीं मराठी नांव मात्र जो संच समोर येईल त्यांत ताणून बसवितो. आकारानें समान आणि वागणुकीनें सावत्र, अशा पाट्या पुष्कळ दिसतात. आपल्या लिपीला मान द्यावयाचा तर तिच्यासाठींही दहा नमुने पाहिले पाहिजेत.

जुने पेंटर एक गोष्ट करीत, ती आजही करण्यासारखी आहे. ते पाटीवर प्रथम सुतानें रेघा मारीत, खडूनें अक्षरें आंखीत, आणि रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वीं रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन पाहत. आपणही मथळा तयार झाला कीं त्याची एक प्रत काढून भिंतीला लावावी आणि वीस पावलें मागें जावें. डोळे किलकिले करून पाहावें. शब्दाची आकृति उरते कीं नुसता डाग दिसतो, हें ध्यानांत येईल. मग तिसरीच्या वर्गांतील एक मूल आणि घरांतील एक वृद्ध मनुष्य यांना बोलावून, कांहीं न सांगतां, वाचावयास सांगावें. तीं अडखळलीं तर समजावून सांगत बसूं नये. मुकाट्यानें संच बदलावा. भिंतीवर लागलेल्या पत्रकाशेजारीं समजावून सांगावयाला आपण उभे असणार नाहीं.

माझें सांगणें एवढेंच होतें. आपणांपैकीं कित्येकांच्या हातून लौकरच एखादी पत्रिका, एखादें सूचनापत्र किंवा एखादी पाटी तयार होईल. त्या वेळीं चांचणीची ती ओळ एकदां लिहून पाहावी, आणि जें अक्षर शब्दाला पुढें करून आपण मागें राहील तें निवडावें.